चाळिशीनंतर पुन्हा कॉलेज: नोकरी सोडण्याआधी काय तपासायचं? (सांगली-सातारा)

कृष्णाकाठ

दर मे-जूनला इथे एक तरी धागा निघतो. ‘वय ४२, एमआयडीसीत अठरा वर्षं झाली, आता वेगळं काहीतरी शिकायचंय, कुठला कोर्स चांगला?’ खाली पन्नास प्रतिसाद पडतात, त्यातले चाळीस ‘वय हा फक्त आकडा आहे’ छापाचे. वय हा आकडाच आहे, आणि तो जाहिरातीत अटींच्या रकान्यात छापलेला असतो. तेव्हा या धाग्यावर सुविचार नकोत, माहिती द्या.

माझं मत मांडतो, खोडून काढा. लोक कोर्स आधी निवडतात, फी भरतात आणि अट शेवटी वाचतात. हे उलटं हवं. ज्या कागदासाठी एवढा खटाटोप (वकिलीची सनद, नेमणूक, परवाना) तो कोण देतं आणि त्याची वयाची-शिक्षणाची अट काय, ते आधी बघायचं. तिथून मागे मागे येत आज कुठला फॉर्म भरायचा ते ठरवायचं.

प्रश्न दोनच. नोकरी न सोडता नियमित पदवी होते का, की दूरशिक्षणच? आणि सोडायचीच असेल तर नेमकी कधी?

भडंग

घरी विचारलं का हे आधी तपासायचं. बाकी सगळं नंतर.

सनदशीर

कायद्यापासून सुरू करतो, कारण सांगली-साताऱ्यात चाळिशीनंतर सगळ्यात जास्त लोक तिकडेच वळतात. २०२५ पासून तर जास्तच. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याखाली. मुंबईची वारी वाचली, म्हणून काळ्या कोटाचं आकर्षण वाढलंय.

तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीला, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेला, वरची वयोमर्यादा नाही. पदवीला खुल्या गटात ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४०. परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. इथवर सोपं आहे. अडतं ते पुढे, तीन ठिकाणी.

एक, हजेरी. बार कौन्सिलच्या (वकिली आणि कायद्याचं शिक्षण यांचे नियम ठरवणारी संस्था) २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी सक्तीची. बाहेरून एलएलबी हा प्रकार वकिलीसाठी मान्यच नाही. कुणी ‘फक्त परीक्षेला या’ म्हणाला तर तिथून उठावं. रात्रीचं कॉलेजही नाही, वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळेत व्हायला हवेत. बार कौन्सिलच्याच सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकानंतर विद्यार्थ्याला नोकरी असेल तर ती जाहीर करावी लागते आणि मालकाचं ना-हरकत पत्र जोडावं लागतं.

दोन, पूर्वतयारीवाले. मुक्त विद्यापीठातून बारावीशिवाय, पूर्वतयारी करून थेट पदवी घेतली असेल तर ती पदवी खरी आहे, इतर ठिकाणी चालते. पण कायद्याच्या प्रवेशाला नाही. त्याच २००८ च्या नियमांत, पाचव्या नियमाच्या खालच्या स्पष्टीकरणात ते आहे, आणि तिथपर्यंत कुणी वाचत नाही. बारावी किंवा डिप्लोमा करून मग मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर अडचण नाही.

तीन, सनद आणि पगार एकत्र चालत नाहीत. पूर्णवेळ पगारी नोकर असेपर्यंत वकिली करता येत नाही. म्हणजे नोकरी सांभाळून एलएलबी जमली तरी सनदेच्या दिवशी ती सोडावीच लागते. जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नोंदणी शुल्क खुल्या गटाला ७५० रुपये आहे. नंतर अखिल भारतीय बार परीक्षा: १०० प्रश्न, मराठीतून देता येते, खुल्या आणि ओबीसी गटाला ४५ टक्क्यांना पास.

कॉलेजं सांगलीत एन. एस. सोटी, साताऱ्यात इस्माईलसाहेब मुल्ला. दोन्हीकडे प्रवेश सीईटीच्या केंद्रीय फेऱ्यांतून.

हळदपोती

> नोकरी असेल तर ती जाहीर करावी लागते

पण सकाळचे तास असतील आणि कंपनी शिफ्टची असेल तर जमतंय की. दुसरी पाळी तीनला सुरू होते. कुपवाडच्या एमआयडीसीत किती जण करतात असं.

सनदशीर

हळदपोती, दुसरी पाळी कायम असेल तर जमेल. फिरती पाळी असेल तर गणित मांडा. पहिली सकाळी ७ ते ३, म्हणजे तास बुडाले. दुसरी ३ ते ११, तास मिळाले. तिसरी रात्री ११ ते सकाळी ७, आणि आठला वर्गात. डोळे उघडे राहिले तर मिळाले म्हणू. दर आठवड्याला पाळी बदलते, म्हणजे तीन आठवड्यांतले दोन हाती. एकही खाडा न करता, आजारी न पडता, लग्नकार्य न धरता ६६.६६ टक्के.

प्राचार्य अपवाद म्हणून एखाद्या विषयात ६५ पर्यंत सूट देऊ शकतात, पण तेव्हा सगळ्या विषयांची मिळून हजेरी ७० भरावी लागते. इथे सगळ्याच विषयांत ६६ आहे. सूटही लागू नाही. तेव्हा फिरत्या पाळीवाल्याने आधी कंपनीकडून कायम दुसरी किंवा तिसरी पाळी लेखी घ्यावी, तोंडी नको. सुपरवायझर बदलला की तोंडी शब्द गेला.

भडंग

तिसऱ्या पाळीनंतर आठ वाजता ‘करार कायदा’. झोपेचा करार तिथंच पूर्ण होणार.

अजिंक्यतारा

शिक्षक व्हायचंय म्हणणाऱ्यांसाठी. धागाकर्त्याचं ‘उलटं वाचा’ सगळ्यात जास्त इथेच लागू पडतं.

बी.एड. दोन वर्षांचं. पदवीला किंवा पदव्युत्तरला ५० टक्के हवेत. यातला ‘किंवा’ महत्त्वाचा: बी.ए. ४६ टक्क्यांचं असेल तर एम.ए. ५० च्या वर काढून प्रवेश घेता येतो. इंजिनिअरला ५५ टक्के. हजेरी तासांना ८० आणि शाळेतल्या अनुभवाला ९० टक्के. शाळेतला अनुभव एकूण २० आठवडे, त्यातले १६ सलग धरावेत, पूर्ण शाळेच्या वेळेत. म्हणजे नोकरी सांभाळून नियमित बी.एड. होत नाही. कुणी करून देतो म्हणत असेल तर तो सह्यांचा धंदा आहे.

आता शेवटचा कागद. राज्यात सरळसेवेची कमाल वयोमर्यादा खुल्या गटाला ३८, मागासवर्गाला ४३. जिल्हा परिषदेच्या शिक्षकालाही तीच. समजा खुल्या गटातला माणूस ४१ व्या वर्षी सीईटीला बसला. ४३ ला बी.एड. हातात, दार ३८ लाच लागलेलं. त्याच्यासाठी उरतात खासगी विनाअनुदानित आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा, क्लास, अकादमी. वाईट आहे असं नाही. पण पगाराचा अंदाज त्या हिशेबाने धरावा, जिल्हा परिषदेच्या हिशेबाने नव्हे. आणि पहिली ते आठवीला टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) वेगळी.

सगळ्यात जास्त चुकतं ते वेळापत्रक. एलएलबी आणि बी.एड. दोन्ही सीईटीचे अर्ज हिवाळ्यातच निघतात, परीक्षा मार्च ते मे. बारावीचा निकाल लागून गावात पेढे वाटले जातात तेव्हा चाळिशीतल्या माणसाला आठवतं की आपल्यालाही शिकायचं होतं. तोवर खिडकी बंद.

मिरजेचा_तंबोरा

पेढे कंदी होते की साधे?

अजिंक्यतारा

साताऱ्यात साधे पेढे असतात हे आजच कळलं.

कागदबाबा

कागदांबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. वीस वर्षांनी परत जाणाऱ्याचं खरं घोडं इथे पेंड खातं.

१) टीसी. शेवटच्या कॉलेजचा दाखला मूळ प्रत लागतो. पदवी झाली, नोकरी लागली, दाखला आणायला कुणी गेलंच नाही, असं फार असतं. तो कॉलेजात पडून असतो. जाताना शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका आणि असेल तर जुनं ओळखपत्र न्यावं. जनरल रजिस्टरचा क्रमांक सापडला तर काम अर्ध्या तासाचं, नाही सापडला तर क्लार्क वर्षावर्षाची बाडं उघडतो. जून-जुलैत जाऊ नये, नव्या प्रवेशांची गर्दी असते. जानेवारी-फेब्रुवारीत जावं.

२) दाखला हरवला असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र, मग दुय्यम प्रत. दुय्यम प्रतीवर तसा शिक्का असतो, तो चालतो. दहावी-बारावीची गुणपत्रिका हरवली तर शाळेमार्फत मंडळाकडे अर्ज. सांगली-साताऱ्याचं विभागीय मंडळ कोल्हापूरला.

३) स्थलांतर प्रमाणपत्र. जुनी पदवी शिवाजी विद्यापीठाची आणि नवा प्रवेशही तिथलाच असेल तर लागत नाही. पुण्याची पदवी घेऊन इकडे आलात तर लागतं. साताऱ्यातल्यांनी एक लक्षात ठेवा: छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स ही तिन्ही २०२१ पासून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात आहेत. २००३ ची तुमची पदवी त्याच इमारतीतली असली तरी ती शिवाजी विद्यापीठाची. कॉलेज तेच, पण विद्यापीठ दुसरं. प्रवेशाच्या खिडकीवर हे आधीच विचारून घ्या.

४) खंडाचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे गॅप सर्टिफिकेट. मधली वर्षं काय करत होतात आणि दुसऱ्या कुठल्या कॉलेजात नव्हता, एवढंच लिहायचं. वर्ष महिन्यासह: ‘जून २००४ ते मे २०२६’. ‘बरीच वर्षं’ लिहिलेलं परत येतं.

५) आरक्षणातून प्रवेश असेल तर जात पडताळणी. जुन्या नोकरीला फक्त जातीचा दाखला लागला असेल, व्यावसायिक अभ्यासक्रमाला वैधता प्रमाणपत्र लागतं. वडिलांचा-आजोबांचा शाळेचा दाखला शोधण्यातच महिने जातात. नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून फेब्रुवारीत काढलेला दाखला जुलैत चालेलच असं नाही. काढतानाच मुदत कुठल्या वर्षाची ते बघा.

ढोबळी_मिरची

कागदबाबा, चौथ्या मुद्द्याचं प्रतिज्ञापत्र १०० च्या स्टँपवर ना?

कागदबाबा

१०० चा स्टँप ऑक्टोबर २०२४ पासून गेला, आता ५०० चा. मात्र सरकारी कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. गोची अशी की कॉलेजची खिडकी कधी कधी ‘स्टँपवरच आणा’ म्हणते. आधी विचारा, मग ५०० खर्च करा. तहसीलबाहेर बसलेला टायपिस्ट काही ‘स्टँप लागत नाही’ असं आपण होऊन सांगणार नाही.

वारणामाई

तायांसाठी वेगळं लिहायला हवं. दहावी, बारावी, पदवी माहेरच्या नावाने. आधार, पॅन, बँक सासरच्या नावाने. सीईटीच्या फॉर्ममध्ये नाव दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे मागतात, आणि दूरशिक्षणाला लागणारा डेब आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा क्रमांक) निघतो अपार किंवा एबीसी आयडीवरून, म्हणजे विद्यार्थ्याच्या ऑनलाइन शैक्षणिक क्रमांकावरून, आणि तो निघतो आधारवरून. म्हणजे एकाच प्रवेशात दोन बायका तयार होतात.

करायचं काय: नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र आधी काढा. लग्नाची पत्रिका आणि फोटो म्हणजे नोंदणी नव्हे. त्यावर आधी आणि नंतरचं नाव दोन्ही येतं का ते तिथेच तपासा. मग राजपत्रात नावबदल, ‘आपले सरकार’ पोर्टलच्या वाटेने ऑनलाइन अर्ज होतो. राजपत्राच्या त्या पानाच्या दहा प्रती काढून ठेवा. आणि प्रवेशाची प्रक्रिया चालू असताना आधारवरचं नाव बदलायला जाऊ नका. अर्ज एका नावाचा आणि पडताळणी दुसऱ्या नावाची, मग कोणताच कागद कोणत्याच कागदाशी जुळत नाही.

पुरुषांचंही होतं हं. गुणपत्रिकेवर ‘वसंत’, आधारवर ‘वसंतराव’. तो ‘राव’ कुणी मानाने जोडला देव जाणे.

भडंग

सासऱ्यांनी.

हिशेबनीस

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो: नोकरी कधी सोडायची. कुणी म्हणेल मन म्हणेल तेव्हा. नाही. ग्रॅच्युइटीची तारीख बघून.

सूत्र: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ अधिक महागाई २६,००० असेल तर वर्षाला बरोबर १५,००० पडतात. आता नोकरी १४ वर्षं ५ महिने झालेल्याला १४ वर्षं धरून २,१०,००० मिळतील. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. त्यामुळे आणखी दोन महिने थांबून १४ वर्षं ७ महिन्यांनी सोडली तर १५ वर्षांचे २,२५,०००. दोन महिन्यांचा पगार वेगळा. जवळपास एका वर्षाची फी आणि एसटीचा खर्च त्यात निघतो.

पीएफबरोबरची पेन्शन योजना, ईपीएस. दहा वर्षं सेवा झाली की ५८ नंतर पेन्शनचा हक्क. इथेही सहा महिन्यांचा तुकडा वर्ष धरतात, म्हणजे साडेनऊला गाडी पोचते. नऊ वर्षं दोन महिने झालेल्याने आणखी चार महिने न थांबता राजीनामा दिला तर त्यासारखा आतबट्ट्याचा व्यवहार नाही. दहाच्या आत सोडणाराने पैसे काढून घेण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घ्यावं. पुढे पुन्हा नोकरी लागली की जुनी वर्षं जोडली जातात. पीएफ पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो.

कंपनीचा गट विमा नोकरीबरोबरच संपतो. घरात बीपी-शुगर असेल तर नव्या वैयक्तिक पॉलिसीला आधीच्या आजारांची प्रतीक्षा मुदत असते. म्हणून विमा नोकरीत असतानाच सुरू करायचा, सोडल्यावर नाही.

शैक्षणिक कर्जावरचं व्याज करपात्र उत्पन्नातून वजा होतं (१९६१ च्या आयकर कायद्यात ते कलम ८० ई होतं), स्वतःच्या शिक्षणालाही, कमाल आठ वर्षं. मुद्दल नाही, फक्त व्याज. आणि फक्त जुन्या करप्रणालीत. शिकताना उत्पन्नच नसेल तर वजा कशातून करणार? जोडीदाराचं उत्पन्न असेल आणि तोच कर्ज फेडत असेल तर त्याच्या नावाने कर्ज घेण्याचा विचार करावा.

हळदपोती

हिशेबनीसदादा, हे सगळं ठीक, पण नोटीस पिरियड धरला का? तीन महिन्यांची नोटीस असेल तर आणखी मागे सरकायला लागतंय.

हिशेबनीस

बरोबर, राहिलं. सीईटीच्या निकालावर राजीनामा द्यायचा नाही. गुण म्हणजे जागा नव्हे. केंद्रीय फेरीत जागा मिळून, कॉलेजात जाऊन ती पक्की झाली की त्याच दिवशी राजीनामा. तीन महिने नोटीस असेल तर सुरुवातीचे तास बुडणार, म्हणून शिल्लक हक्काच्या रजा नोटिशीत वळत्या करता येतात का ते एचआरला आधी विचारून ठेवा, कुणासाठी विचारताय ते न सांगता.

विश्रामबाग_कट्टा

सगळे पदवीच्या मागे का लागलेत कळत नाही. तासगाव, मिरज पूर्व, जत पट्ट्यात द्राक्ष-डाळिंब आहे, औषध-खतांची दुकानं आहेत. दुकान चालवणाऱ्याला किंवा दुकानात बसायचं ठरवणाऱ्याला डेसी नावाचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा. ४८ आठवडे, आठवड्याला एकच दिवस: ४० वर्गातली सत्रं आणि ८ शेतभेटी. माती, कीड, रोग, खतांचं मिश्रण, कायदे. हे शिकून लगेच गिऱ्हाइकाला उत्तर देता येतं.

आणि आयटीआय. तिथे वरची वयोमर्यादा नाही. वेल्डर, इलेक्ट्रिशियन, फ्रिज-एसी. ४५ व्या वर्षी एम.ए. करून काय करणार, तेही सांगा.

अजिंक्यतारा

असहमत. डेसी हा दुकानदारांसाठी आहे, कारखान्यातून बाहेर पडणाऱ्याला त्यासाठी आधी दुकान हवं. आयटीआयला वय नसलं तरी दिवसभराची हजेरी आहे आणि सोबतीला सतरा वर्षांची पोरं. वेल्डिंग पंचेचाळिशीत शिकता येतं, पण दिवसभर वाकून करायचं आहे. पाठ आणि डोळे यांचाही एक वयोमर्यादेचा रकाना असतो.

विश्रामबाग_कट्टा

डोळ्यांचं मान्य. दुकानाचंही मान्य, अर्धं.

सायली_वाई

समुपदेशक व्हायचं म्हणून बाहेरून एम.ए. मानसशास्त्र करा असा सल्ला अजून सगळीकडे फिरतोय. तो शिळा झालाय. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषण, जैवतंत्रज्ञान, आहारशास्त्र हे विषय दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन शिकवायला बंदी घातली आहे. आधीपासून नोंदणी असलेल्यांचं वेगळं. नव्याने घ्यायचं तर नियमितच. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी, कायदा हे तर आधीपासूनच बाहेरून चालत नाहीत.

नर्सिंगच्या जीएनएम या डिप्लोमाला ३५ ची वरची मर्यादा आहे, ज्या तायांच्या मनात असेल त्यांनी प्रॉस्पेक्टसच्या पैशाआधी हे बघावं.

दूरशिक्षण घेताना विद्यापीठ मान्य आहे एवढं पुरत नाही. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत तो अभ्यासक्रम, त्या वर्षी, त्या सत्राला आहे का ते बघायचं. यादी सत्रागणिक बदलते. ‘आमचं विद्यापीठ ए प्लस आहे’ हे या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

कृष्णाकाठ

सायलीताई, हे माहीत नव्हतं. मग नोकरी सांभाळून नीट चालणारं काय उरतं?

सायली_वाई

एम.ए. (मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र), एम.कॉम., ग्रंथालयशास्त्र वगैरे. तीन पर्याय: शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र, नाशिकचं मुक्त विद्यापीठ (विभागीय केंद्र कोल्हापूरला आहे), आणि इग्नू, म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यापीठ. इग्नूचे प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै सत्र. परीक्षा जून आणि डिसेंबरात. गुणांत ३० टक्के स्वाध्यायांना, ७० टक्के परीक्षेला, आणि दोन्हींत स्वतंत्र पास व्हावं लागतं. लोक परीक्षेची तयारी करतात आणि स्वाध्याय हाताने लिहून मुदतीत द्यायचे राहतात. मग परीक्षा पास आणि विषय नापास.

दोन वर्षांचं एम.ए. इग्नूत चार वर्षांपर्यंत पुरं करता येतं. पाळी बदलणाऱ्याला हाच मोठा आधार. एका खेपेला सगळे पेपर देण्याचा हट्ट धरू नये; दोन पेपर नीट लिहिणं चार कच्च्या पेपरांपेक्षा बरं.

एम.ए.नंतर प्राध्यापकी म्हणाल तर सेटला (राज्याची पात्रता परीक्षा) वयोमर्यादा नाही, नेटलाही (देशपातळीवरची) सहायक प्राध्यापकासाठी नाही; वयाची अट फेलोशिपला आहे. एम.ए.ला खुल्या गटात ५५ टक्के हवेत, ५४ असतील तर सगळं मुसळ केरात. सेटचा पहिला पेपर ५० प्रश्न १०० गुण, दुसरा १०० प्रश्न २०० गुण. पण पास झाल्यावर बहुतेकांच्या वाट्याला तासिका तत्त्व येतं. तासाचे पैसे, सुट्टीचे नाहीत, आणि बिल महिन्याच्या महिन्याला निघेलच असं नाही. ग्रॅच्युइटीचं गणित सोडून यासाठी बाहेर पडायचं का, ते हिशेबनीसांना विचारा.

हिशेबनीस

मला विचारू नका, मी कुणालाच नोकरी सोडू देणार नाही.

बोरूबहाद्दर

एक गोष्ट कुणी लिहिली नाही: हात. पंधरा वर्षं माणूस सही आणि मोबाईल सोडून काही लिहीत नाही, आणि पहिल्याच परीक्षेत तीन तास सलग लिहायचं. दुसऱ्या तासाला अंगठ्याचा खालचा भाग आखडतो, अक्षर मोठं होतं, ओळी तिरक्या जातात. अभ्यास येत असूनही शेवटचा प्रश्न अर्धा राहतो.

८० गुण १८० मिनिटांत, म्हणजे गुणाला सव्वादोन मिनिटं. १६ गुणांच्या प्रश्नाला ३६ मिनिटं. पहिल्या आवडत्या प्रश्नावर ५५ मिनिटं घालवली की पुढचा हिशेब कोसळलाच.

उपाय: परीक्षेआधी आठ आठवडे सुरू करायचं. पहिला आठवडा रोज १० मिनिटं, फुलस्केप रेघी कागदावर, पुस्तकातला उतारा बघून लिहिला तरी चालेल. विषय हाताचा आहे, डोक्याचा नाही. दर आठवड्याला १० मिनिटं वाढवायची, सहाव्याला एक तास. शेवटचे दोन आठवडे प्रत्येक रविवारी पूर्ण तीन तासांचा एक पेपर, टेबल-खुर्चीवर, घड्याळ समोर. मांडी घालून पाटावर नको, परीक्षेत बाक असतो. पेन जाड पकडीचं आणि हलकं सरकणारं, तेच पेन परीक्षेला.

आणि चष्मा. चाळिशी लागलेली असते, नंबर वाढलेला असतो, माणूस चालवून घेतो. घड्याळ भिंतीवर लांब आणि पेपर जवळ, दोन्ही दिसायला हवं. परीक्षेआधी महिनाभर नवा चष्मा करून त्याची सवय करावी. आदल्या आठवड्यात केला तर बाकावर डोकं दुखतं.

मिरजेचा_तंबोरा

हे आवडलं. तानपुरा लावल्याशिवाय मैफल नाही.

ढोबळी_मिरची

पुस्तकं जुनी घेतली तर चालतील का? सेकंडहँड स्वस्तात मिळतात कायद्याची.

सनदशीर

ढोबळीताई, विषय बघून. करार कायदा १८७२ चा, मालमत्ता हस्तांतरण १८८२ चा, त्यांची जुनी पुस्तकं बव्हंशी चालतील. फौजदारीची मात्र रद्दी समजा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता, ५३१ कलमं. पुराव्याच्या कायद्याच्या जागी साक्ष्य अधिनियम, १७०. खून ३०२ होता तो १०३. फसवणूक ४२० होती ती ३१८. जुने निकाल वाचायला जुने आकडेही लागतात, म्हणून दोन्हींचा तक्ता एका पानावर लिहून भिंतीला लावायचा.

भडंग

म्हणजे आता एखाद्याला ‘चारसोबीस’ म्हणायचं नाही? ‘तीनशे अठरा आहे हा माणूस’ म्हटलं तर तो खूश व्हायचा.

हळदपोती

३१८ म्हणलं तर बसचा नंबर वाटतोय.

कृष्णाकाठ

हसू आवरून मूळ प्रश्नावर येतो. वरचं सगळं धरून एक वाट सुचते, ती बरोबर आहे का सांगा. नोकरी चालू ठेवून दूरशिक्षणाने एम.कॉम. सुरू करायचं. ग्रॅच्युइटीचं वर्ष भरलं की सीईटी देऊन एलएलबीला नियमित प्रवेश, तेव्हाच राजीनामा. एम.कॉम. अर्धं राहिलं असेल तर दोन्ही एकदम चालतील का? २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी घेता येतात असं ऐकलंय.

सनदशीर

यूजीसीने एप्रिल २०२२ पासून परवानगी दिली आहे, एक नियमित आणि एक दूरशिक्षणाची असं चालतं. पण मी वर लिहिलेल्या सप्टेंबर २०२४ च्या बार कौन्सिलच्या परिपत्रकात दुसऱ्या पदवीचाही खुलासा मागितला आहे. यूजीसी एक म्हणते आणि सनद देणारे दुसरं विचारतात, तर सनद देणाऱ्याचं ऐकायचं. हे तुमचंच तत्त्व. एम.कॉम. आधी पुरं करा, किंवा एलएलबीच्या पहिल्या दिवशी लेखी कळवून पोच घ्या.

आणि एक विचारतो, राग नको. वकिलीसाठी एम.कॉम. कशाला? त्याचा शेवटचा कागद कोणता?

कृष्णाकाठ

...खरंय. करसल्लागाराकडे कामाला येईल असं डोक्यात होतं, पण त्याला बी.कॉम. आणि सनद पुरते. एम.कॉम. कापतो.

हिशेबनीस

आता तारीख सांगा. नोकरीला लागलात तो महिना कोणता?

कृष्णाकाठ

ऑक्टोबर.

हिशेबनीस

मग मे लागल्यानंतर कधीही, अर्धं वर्ष ओलांडलेलं असेल. सीईटी एप्रिल-मेमध्ये, जागा पावसाळ्यात. आपोआप जुळतंय. फक्त नेमणूकपत्रावरची तारीख बघा, प्रशिक्षणार्थी म्हणून लागला तो दिवस मोजतात की कायम झाला तो, यावर बऱ्याच एचआरशी वाद होतात. पीएफच्या पासबुकात पहिली वर्गणी कुठल्या महिन्याची आहे त्याचं पान छापून ठेवा.

कागदबाबा

आणि टीसी. उद्याच जा, सकाळी अकराच्या आत. जेवणाच्या सुट्टीनंतर रजिस्टरचं कपाट उघडत नाही.